प्राचीन अँडीजमधील दफने आणि सामाजिक स्थान

प्राचीन अँडीजमधील दफने ही दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातील समाजरचना समजून घेण्याची प्रमुख साधने मानली जातात. अँडीज पर्वतरांग आणि तिच्या पायथ्याशी असलेली वाळवंटी किनारपट्टी मिळून आजचा पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर, उत्तर चिली आणि वायव्य अर्जेंटिना हा प्रदेश होतो. स्पॅनिश लोक १५३२ मध्ये पेरूत येईपर्यंत येथे लेखनाची परिचित पद्धत नव्हती. इंका लोक गाठी मारलेल्या दोऱ्यांच्या ‘किपू’मध्ये नोंदी ठेवीत, परंतु तिचे वाचन अद्याप पूर्णपणे साधलेले नाही. त्यामुळे राजा कोण, कारागीर कोण, सेवक कोण आणि त्यांच्यातील अंतर किती, या प्रश्नांची उत्तरे मुख्यतः जमिनीखाली शोधावी लागतात. सोने, वस्त्रे, शिंपले, मृताबरोबर पुरलेली माणसे आणि खुद्द हाडे या सर्वांचा त्यासाठी अभ्यास केला जातो. मात्र थडगे हे त्या समाजाचे सरळ प्रतिबिंब असतेच असे नाही. अशा दफनांच्या अभ्यासात विद्वानांना आपले निष्कर्ष एकाहून अधिक वेळा बदलावे लागले आहेत.

पार्श्वभूमी

पेरू आणि उत्तर चिलीचा किनारा हा जगातील अत्यंत कोरड्या प्रदेशांपैकी एक आहे. येथील वाळूत कापड, पिसे, केस, त्वचा आणि अन्नाचे अवशेषही हजारो वर्षे टिकून राहतात. उंच पर्वतशिखरांवर हेच काम बर्फ आणि थंड हवा करतात. इतर अनेक प्रदेशांत थडग्यातून केवळ हाडे, दगड आणि खापरे मिळतात. येथे मृताच्या अंगावरचे वस्त्रही हाती लागते.

अँडीजमधील अनेक समाजांत मृत्यू म्हणजे संबंधांचा शेवट नव्हता. पूर्वज हे कुळाचे सदस्यच राहत. इंका काळात जतन केलेल्या पूर्वजांच्या देहांना ‘माल्की’ म्हणत आणि समान पूर्वज मानणाऱ्या, जमिनीचा सामाईक वापर करणाऱ्या गटाला ‘आय्यु’ म्हणत. पूर्वजांचे देह ज्याच्या ताब्यात, त्याचा जमिनीवर आणि पाण्यावर हक्क, अशी ही सांगड होती. गुआमान पोमा दे आयाला या देशी लेखकाने सतराव्या शतकाच्या आरंभी काढलेल्या चित्रांत, नोव्हेंबर महिन्यात मृतांचे देह बाहेर काढून मिरवण्याची प्रथा दाखविली आहे. थडग्यावर केलेला खर्च हा मृताच्या सन्मानासाठी जितका असे, तितकाच मागे राहिलेल्यांच्या हक्कांसाठीही असे.

दर्जा ओळखण्याच्या कसोट्या

दफनावरून सामाजिक स्थान ठरविताना अभ्यासक साधारणपणे पुढील गोष्टी विचारात घेतात.

पहिली कसोटी श्रमाची. खड्डा किती खोल, त्यावर वास्तू उभारली होती का, एकेक वस्त्र विणण्यास किती काळ लागला असेल, यांवरून मृतासाठी किती लोकांचे श्रम वळविले गेले याचा अंदाज येतो.

दुसरी कसोटी दुरून आणलेल्या वस्तूंची. स्पाँडिलस हा लालसर रंगाचा काटेरी शिंपला इक्वेडोरजवळच्या उबदार समुद्रात सापडतो. पेरूच्या किनाऱ्यालगतचे थंड पाणी त्याला मानवत नाही. पेरूमधील थडग्यात तो मिळाला म्हणजे दूरच्या व्यापारापर्यंत त्या व्यक्तीचा हात पोहोचत होता. हिंगूळ, पिरोजा आणि अरण्यातील पक्ष्यांची पिसे यांचेही असेच महत्त्व आहे.

तिसरी कसोटी जागेची. मंदिराच्या चौथऱ्यात पुरलेली व्यक्ती आणि वस्तीबाहेरच्या सामाईक दफनभूमीतील व्यक्ती यांचे स्थान सारखे मानता येत नाही.

चौथी कसोटी वयाची. उत्तम शिकारी, विणकर किंवा पुजारी म्हणून मिळविलेला मान हा अर्जित दर्जा होय. जन्माने मिळालेला मान हा जन्मसिद्ध दर्जा होय. आयुष्यात काहीही मिळविण्याची संधी न लाभलेल्या बालकाच्या थडग्यात मौल्यवान वस्तू आढळल्या, तर तेथे घराणे पाहून मान देण्याची रीत असावी असा तर्क केला जातो. आर्थर सॅक्स आणि लुईस बिनफर्ड या अमेरिकी अभ्यासकांनी १९७० च्या सुमारास या विचाराला पद्धतशीर रूप दिले.

पाचवी कसोटी खुद्द शरीराची. आहार, आजार, कष्ट आणि जन्मस्थान यांच्या खुणा हाडांत, दातांत आणि केसांत राहतात. थडग्यातील वस्तू इतरांनी ठेवलेल्या असतात. हाडे मात्र त्या व्यक्तीने जगलेल्या आयुष्यातून घडलेली असतात.

सर्वांत जुनी दफने

दक्षिण पेरूच्या पठारावरील विलामाया पात्हा येथे सुमारे ९,००० वर्षांपूर्वीचे एक दफन २०१८ मध्ये सापडले. मृत व्यक्तीचे वय १७ ते १९ वर्षांच्या दरम्यान होते. तिच्याजवळ भाल्यांची दगडी टोके, कातडी सोलण्या-खरवडण्याची हत्यारे आणि गेरू अशी शिकारीची पूर्ण सामग्री नीट रचून ठेवली होती. ही एखाद्या मान्यवर पुरुष शिकाऱ्याची कबर असावी, असा समज प्रथमदर्शनी होणे स्वाभाविक होते. परंतु दातांच्या आवरणातील प्रथिनांच्या तपासणीवरून ती स्त्री असल्याचे निष्पन्न झाले. हा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि प्राचीन शिकारी समाजांत कामांची वाटणी कशी होती, या प्रश्नावर नव्याने चर्चा सुरू झाली.

उत्तर चिली आणि दक्षिण पेरूच्या किनाऱ्यावरील चिंचोरो हे मासेमारी करणारे लोक होते. त्यांनी इ. स. पू. सु. ५००० पासून मृतदेह कृत्रिम रीतीने जतन करण्यास सुरुवात केली. ईजिप्तमधील ममींपेक्षा ही प्रथा सुमारे दोन हजार वर्षांनी जुनी आहे. देहातील मऊ भाग काढून, हाडांना काठ्यांचा आधार देऊन, वर मातीचा लेप आणि रंग देण्यात येई. सुरुवातीस काळा आणि पुढे लाल. येथे केवळ प्रमुखांचेच नव्हे, तर तान्ह्या बालकांचे आणि गर्भांचेही देह अशा काळजीने जतन केलेले आढळतात. मोठ्या संपत्तीभेदाची लक्षणे मात्र दिसत नाहीत. त्यामुळे मृतदेहावर घेतलेले प्रचंड कष्ट हे नेहमी उच्च दर्जाचेच चिन्ह असते, हा समज चिंचोरो दफनांच्या बाबतीत टिकत नाही. येथील नदीखोऱ्यांतील पाण्यात आर्सेनिकचे प्रमाण अधिक असल्याने बालमृत्यू वाढले असावेत आणि त्या दुःखातून ही प्रथा निर्माण झाली असावी, असे एक मत आहे. चिलीतील आरिका परिसरातील या स्थळांचा २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

विषमतेच्या पहिल्या खुणा

तितिकाका सरोवराजवळील हिस्काइरुमोको या लहानशा वस्तीत सोन्याचे नऊ मणी आणि हिरव्या दगडाचे मणी असलेली माळ एका दफनात मिळाली. तिचा काळ इ. स. पू. सु. २००० असून अमेरिका खंडांतील सोन्याच्या सर्वांत जुन्या वस्तूंत तिची गणना होते. या वस्तीत अद्याप राजे किंवा मोठी मंदिरे नव्हती. म्हणजेच काही व्यक्तींचे वेगळेपण दागिन्यांतून दाखविण्याची इच्छा राज्यसंस्थेच्या उदयापूर्वीच निर्माण झाली होती.

पेरूच्या मध्य किनाऱ्यावरील कारल संस्कृतीशी संबंधित आस्पेरो येथे २०१६ मध्ये सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीच्या एका मध्यमवयीन स्त्रीचे दफन उजेडात आले. तिच्यासोबत पक्षी आणि माकड यांच्या आकृती कोरलेल्या हाडाच्या चार टाचण्या तसेच स्पाँडिलसचे पदक असलेली माळ होती. वस्त्र खांद्यावर अडकविण्याच्या अशा टाचणीला ‘तुपू’ म्हणतात. त्यावरून ती ‘चार तुपूंची स्त्री’ म्हणून ओळखली जाते. समुद्रकाठी पुरलेल्या स्त्रीच्या टाचणीवर अरण्यातील माकड असणे हे दूरच्या प्रदेशांशी असलेल्या संबंधांचे द्योतक आहे.

उत्तर पेरूतील काहामार्का प्रदेशात कुंतुर वासी येथे जपानी संशोधकांच्या पथकाला १९८९ मध्ये मंदिराच्या चौथऱ्याखाली सोन्याचे अलंकार असलेली थडगी मिळाली. इ. स. पू. सु. ८०० मधील या थडग्यांपैकी एकात चौदा मानवी चेहरे असलेला सोन्याचा मुकुट होता. धर्मकार्य आणि सत्ता एकाच हाती येऊ लागल्याचे हे लक्षण मानले जाते.

पराकास : वस्त्रांतील संपत्ती

पेरूचे आद्य पुरातत्त्वज्ञ हुलिओ सी. तेयो यांच्या पथकाने १९२७-२८ मध्ये दक्षिण किनाऱ्यावरील पराकास द्वीपकल्पात वारी कायान या दफनभूमीतून ४२९ ममी-गाठोडी बाहेर काढली. ती साधारणपणे इ. स. पू. २०० ते इ. स. २०० या काळातील आहेत. मृताला गुडघे छातीशी घेऊन टोपलीत बसवीत आणि त्याभोवती कापडाचे थरावर थर गुंडाळीत.

या गाठोड्यांचे आकार अगदी भिन्न होते. बहुसंख्य गाठोडी लहान असून त्यांत एखाददुसरे साधे सुती वस्त्र मिळते. थोड्या मोठ्या गाठोड्यांत मात्र भरतकाम केलेली डझनावारी वस्त्रे होती. त्यांत शाली, अंगरखे आणि शिरोवेष्टने असून त्यांवर उडणाऱ्या, मुखवटे धारण केलेल्या आकृती भरलेल्या आहेत. भरतकामाचे रंगीत धागे लामा-अल्पाका कुळातील प्राण्यांच्या लोकरीचे असत. एका मोठ्या शालीमागे अनेक हातांचे महिनोन्‌महिने श्रम होते. काही वस्त्रे अर्धवट भरलेली आहेत, तर काही न वापरलेली आहेत. मृत्यूनंतरही गाठोडे पुन्हा उघडून त्यात वस्त्रांची भर घातली जात असावी. अँडीजमध्ये उत्तम वस्त्राला सोन्याहून कमी मान नव्हता. इंका सम्राटही सर्वोच्च बक्षीस म्हणून तलम वस्त्रेच देत.

मोचे : सिपानचा अधिपती

उत्तर पेरूच्या किनाऱ्यावर पहिल्या सहस्रकात मोचे संस्कृती भरभराटीस आली. सामान्य मोचे माणसाचे दफन साधे असे. देह उताणा ठेवून कापडात किंवा बोरूच्या चटईत गुंडाळीत, जवळ तुंबा किंवा एखादे मडके ठेवीत आणि पुष्कळदा तोंडात किंवा हातात तांब्याचा लहानसा तुकडा ठेवीत.

या पार्श्वभूमीवर लाम्बायेके भागातील सिपान येथील शोध विलक्षण ठरला. १९८७ च्या आरंभी लुटारूंनी तेथील कच्च्या विटांच्या चौथऱ्यात बोगदा खणून एक समृद्ध थडगे रिकामे केले. वॉल्टर आल्वा यांनी पोलीस बंदोबस्तात उत्खनन सुरू केले आणि त्यांना शेजारीच एक अस्पर्श थडगे मिळाले. ‘सिपानचा अधिपती’ म्हणून ओळखला जाणारा हा पुरुष लाकडी शवपेटीत होता. सोने आणि पिरोजा यांची कर्णभूषणे, नासाभूषणे, छातीवरील शिंपल्यांच्या मण्यांची आवरणे आणि राजदंड त्याच्यासोबत होते. भुईमुगाच्या शेंगांच्या आकाराच्या मण्यांची त्याची माळ प्रसिद्ध आहे. तीत उजव्या बाजूस सोन्याचे दहा आणि डाव्या बाजूस चांदीचे दहा मणी आहेत. जवळच्या एका कोठीत हजाराहून अधिक मातीची भांडी रचलेली होती.

त्याच्याभोवती स्त्री-पुरुष, एक बालक, कुत्रा आणि लामा पुरलेले होते. वरच्या बाजूस असलेल्या रक्षकाची पावले तोडलेली होती. त्याने आपली जागा कधी सोडू नये, असा त्याचा अर्थ लावला जातो. स्त्रियांच्या सांगाड्यांची विस्कळीत अवस्था पाहता त्या अगोदरच मरण पावल्या असाव्यात आणि त्यांचे अवशेष नंतर येथे आणले असावेत, असे मत आहे.

सिपानमुळे आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. मोचे मडक्यांवर बंदिवानांचा बळी देऊन त्यांचे रक्त चषकातून अर्पण करण्याचा सोहळा रंगविलेला आढळतो. ही चित्रे देवकथांची आहेत, असे अनेकांना वाटे. परंतु सिपानच्या अधिपतीचे अलंकार या सोहळ्यातील मुख्य पात्राच्या वेषाशी जुळतात, हे क्रिस्टोफर डॉनन यांनी दाखवून दिले. पुढे १९९१ मध्ये सान होसे दे मोरो येथे त्याच सोहळ्यातील पुजारिणीची वेशभूषा असलेली स्त्री सापडली आणि नंतर तेथे अशा आणखी स्त्रिया मिळाल्या. म्हणजे ही पात्रे खरी माणसे होती आणि ती पदे पिढ्यान्‌पिढ्या चालत होती.

काओची अधिष्ठात्री

मोचे सत्ता पुरुषांच्याच हाती होती, या समजुतीला २००६ मध्ये धक्का बसला. चिकामा खोऱ्यातील एल ब्रुहो येथे, काओ व्येहो या रंगविलेल्या मंदिरात, रेहुलो फ्रांको यांच्या पथकाला विशीतील एका स्त्रीचे गाठोडे मिळाले. तिच्या हातांवर साप आणि कोळी यांचे गोंदण आजही स्पष्ट दिसते. गाठोड्यात मुकुट आणि नासाभूषणे होतीच. शिवाय दोन समारंभीय गदा आणि २३ भालाफेक-दांडे होते. अशी शस्त्रे केवळ पुरुष अधिपतींचीच चिन्हे मानली जात. ही स्त्री केवळ राणी म्हणजे राजपत्नी नसून स्वतः अधिकारपदावर असावी, असे मत त्यामुळे पुढे आले.

तिच्यासह या मंदिरात पुरलेल्या सहा व्यक्तींच्या जनुकीय अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. या सर्व व्यक्ती एकमेकींच्या रक्ताच्या नात्यातील असून त्यांचा वंशवृक्ष किमान चार पिढ्यांचा होता. बळी दिलेली किशोरवयीन मुलेही या कुटुंबातीलच होती. वरिष्ठांबरोबर पुरलेले लोक म्हणजे गुलाम किंवा युद्धकैदीच असतात, हे गृहीतक येथे मोडून पडले. सत्ता एका घराण्यात राहत होती. पण त्या घराण्याच्या मुलांनाही त्याची किंमत मोजावी लागत होती.

सिकान : धातूंची उतरंड

मोचेंनंतर त्याच भागात सिकान संस्कृती उदयास आली. इझुमी शिमादा यांच्या पथकाने १९९१-९२ मध्ये हुआका लोरो येथील सुमारे इ. स. १००० मधील एक खोल थडगे खणले. मुख्य पुरुषाचा देह हिंगुळाने रंगविलेला असून तो उलटा, डोके खाली अशा स्थितीत होता. सोबत दोन स्त्रिया आणि दोन बालके होती. त्या स्त्रियांपैकी एकीची स्थिती प्रसूत होणाऱ्या स्त्रीसारखी आणि दुसरीची सुईणीसारखी रचलेली होती. अधिपतीच्या पुनर्जन्माचा हा देखावा असावा. थडग्यातील सामग्रीचे वजन एक टनाहून अधिक भरले.

शिमादांच्या अभ्यासाने सिकान समाजातील धातूंची उतरंडही स्पष्ट केली. अधिक शुद्धतेचे सोने सर्वोच्च वर्गाकडे, वरून सोनेरी दिसणारा पण तांब्याचा अंश जास्त असलेला ‘तुंबागा’ हा मिश्रधातू त्याखालील मानकऱ्यांकडे, आणि आर्सेनिकमिश्रित तांबे सामान्यांकडे, असा क्रम दफनांत आढळतो. शेवटच्या वर्गातील पुष्कळ थडग्यांत धातूच मिळत नाही.

वारी : हुआर्मेच्या स्त्रिया

वारी हे इंकापूर्व काळातील मोठे राज्य होते. किनाऱ्यावरील कास्तियो दे हुआर्मे येथे मिवोश गेर्श यांच्या नेतृत्वाखालील पोलिश-पेरूवियन पथकाला २०१२ मध्ये या राज्याची अस्पर्श समाधी मिळाली. इ. स. सु. ८०० च्या या समाधीत साठाहून अधिक व्यक्ती आणि हजाराहून अधिक वस्तू होत्या. व्यक्तींपैकी बहुसंख्य स्त्रिया असून त्यांपैकी तिघी स्वतंत्र कक्षांत होत्या. प्रवेशाजवळ डावे पाऊल नसलेले दोन रक्षक होते.

‘हुआर्मेची राणी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीचे वय मृत्यूच्या वेळी सुमारे ६० होते. तिच्याजवळ सोन्याची विणकामाची साधने होती. तिच्या हाडांवरून ती बराच वेळ बसून, हातांनी काम करीत असे, असे दिसते. अशी साधने जवळ असणे हे येथे मजुरीचे नव्हे, तर मानाचे चिन्ह होते. वस्त्रनिर्मिती हाच सत्तेचा एक आधार असलेल्या समाजात राजघराण्यातील स्त्रीने माग हाताळणे हीच तिची प्रतिष्ठा होती.

चिमू आणि चुल्पा

चान चान ही चिमू राज्याची राजधानी कच्च्या विटांच्या उंच भिंतींनी वेढलेल्या राजवाड्यांची नगरी होती. त्यांपैकी बहुतेक वाड्यांत दफनाचा स्वतंत्र चौथरा असे. मधल्या मुख्य कक्षात राजा आणि सभोवतीच्या लहान कोठड्यांत बहुतांशी तरुण स्त्रियांची दफने असत. राजा मेल्यावर त्याचा वाडा त्याच्या वंशजांकडे राही आणि नवा राजा नवा वाडा बांधी, असा एक सिद्धांत आहे.

तितिकाका परिसरात ‘चुल्पा’ नावाचे दगडी मनोरे बांधीत. उमायो सरोवराकाठच्या सियुस्तानी येथील सर्वांत मोठा मनोरा सुमारे १२ मीटर उंच आहे. त्यांचे छोटे दार बहुधा पूर्वेकडे असते, जेणेकरून आत जाता यावे आणि पूर्वजांना अन्नपाणी देता यावे. एका चुल्पात एकाच कुळातील अनेक पिढ्यांचे लोक ठेवले जात. जमिनीखाली लपविलेल्या थडग्यांपेक्षा हे मनोरे वेगळे आहेत. त्या कुळाची सत्ता दुरूनच दिसावी, हा त्यांचा हेतू होता. सोळाव्या शतकातील स्पॅनिश इतिहासकार पेद्रो सिएसा दे लेओन याला येथे जिवंतांच्या घरांपेक्षा मृतांच्या घरांची काळजी अधिक घेतली जाते, हे पाहून नवल वाटले होते.

इंका : मृतांची सत्ता

इंका सम्राट मृत्यूनंतरही आपली मालमत्ता राखून असत. त्यांचा देह जतन करून त्याला वस्त्रे नेसवीत, जेवण देत आणि सण-समारंभांत चौकात आणून बसवीत. त्यांच्या जमिनी आणि सेवक यांची व्यवस्था ‘पानाका’ हे वंशज मंडळ पाही. नव्या सम्राटाला पद मिळे, पण पूर्वसुरींची संपत्ती मिळत नसे. देशातील उत्तम ते सारे मृतांच्याच ताब्यात आहे, अशी तक्रार हुआस्कार या सम्राटाने केल्याचे स्पॅनिश नोंदींत आढळते. १५५९ मध्ये पोलो दे ओन्देगार्दो या स्पॅनिश अधिकाऱ्याने लपविलेल्या राजममींचा शोध लावला. दुसऱ्या वर्षी गार्सिलासो दे ला वेगा याने त्यांपैकी पाच ममी त्याच्या घरी पाहिल्या. पुढे काही ममी लिमा येथे नेण्यात आल्या. त्यानंतर त्यांचा ठावठिकाणा लागलेला नाही.

लिमाजवळील पुरुचुको येथे वस्तीखालच्या इंकाकालीन दफनभूमीतून दोन हजारांहून अधिक व्यक्तींचे अवशेष १९९९ ते २००१ या काळात बाहेर काढले गेले. काही मोठ्या गाठोड्यांवर कापूस भरलेले कृत्रिम डोके बसविलेले होते. अशी गाठोडी वरच्या वर्गातील लोकांची मानली जातात.

पर्वतशिखरांवरील ‘कापाकोचा’ या विधीतील बालकांचे दर्जे आणखी गुंतागुंतीचे आहेत. अर्जेंटिनातील युयाइयाको या ज्वालामुखीवर, ६,७३९ मीटर उंचीवर, १९९९ मध्ये योहान राइनहार्ड आणि कॉन्स्तान्सा सेरुती यांना तीन बालकांचे गोठलेले देह मिळाले. त्यांत सुमारे १३ वर्षांची मुलगी आणि तिच्याहून बऱ्याच लहान अशा एका मुलाचा व मुलीचा समावेश होता. सोबत सोन्या-चांदीच्या आणि स्पाँडिलसच्या मूर्ती तसेच उत्तम वस्त्रे होती. केसांच्या रासायनिक तपासणीतून असे दिसले, की मृत्यूपूर्वी सुमारे एक वर्ष मोठ्या मुलीचा आहार एकाएकी सुधारला. मका आणि मांस यांचे प्रमाण वाढले. अखेरच्या काळात कोका आणि मद्य यांचेही प्रमाण वाढले. म्हणजेच थडग्यातील हा मान तिला जन्माने मिळालेला नव्हता. मृत्यूसाठी निवड झाल्यावर तो देण्यात आला होता. केवळ वस्तू पाहिल्या असत्या तर ही मुलगी राजकन्या ठरली असती.

हाडांची साक्ष

मक्यातील कार्बनचे स्वरूप इतर अनेक वनस्पतींहून वेगळे असते. म्हणून कार्बनच्या समस्थानिकांवरून एखादी व्यक्ती मका किती खात असे ते कळते. नायट्रोजनवरून मांस आणि मासे यांचे प्रमाण कळते. दातांच्या आवरणातील स्ट्राँशियम बालपण कोणत्या भूप्रदेशात गेले ते सांगते. जनुकीय तपासणीने नाते आणि लिंग निश्चित करता येते.

कवटीला लहानपणी पट्ट्या किंवा फळ्या बांधून विशिष्ट आकार देण्याची प्रथा अँडीजमध्ये व्यापक होती. ती उच्चवर्गाची खूण आहे, असे पूर्वी सरसकट मानले जाई. परंतु कोल्का खोऱ्यातील १५८६ च्या एका स्पॅनिश अहवालात कोयाग्वा लोकांची डोकी उंच, तर शेजारच्या काबाना लोकांची रुंद अशी नोंद आहे. म्हणजे हे चिन्ह अनेक ठिकाणी दर्जाचे नसून समूहाचे होते. ते बालपणीच कायमचे ठरत असल्याने पुढे बदलताही येत नसे.

चुकलेले निष्कर्ष : माचू पिच्चू

हायरम बिंगहॅम यांच्या १९१२ च्या मोहिमेत माचू पिच्चूभोवतीच्या गुहांतून शंभराहून अधिक व्यक्तींचे अवशेष मिळाले. जॉर्ज ईटन यांनी त्यांतील बहुसंख्य सांगाडे स्त्रियांचे ठरविले आणि त्यावरून माचू पिच्चू हे ‘सूर्यकुमारिकां’चे निवासस्थान होते ही कल्पना रूढ झाली. पुढे जॉन व्हेरानो यांनी केलेल्या फेरतपासणीत स्त्री-पुरुषांचे प्रमाण जवळजवळ समान आढळले. येथील लोकांची शरीरयष्टी लहान असल्याने पूर्वीचे मोजमाप फसले होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार येथे पुरलेले अनेक लोक साम्राज्याच्या दूरदूरच्या भागांतून, अगदी ॲमेझॉनच्या परिसरातूनही आलेले होते. ते राजवाड्यातील ‘यानाकोना’ म्हणजे कायमचे सेवक असावेत. शतकभर ‘सूर्यकुमारिका’ म्हणून वर्णन केलेली ही माणसे वस्तुतः आपले गाव सोडावे लागलेले कामकरी लोक होते.

मर्यादा आणि वाद

दफनांवरून समाजरचना ठरविण्याच्या पद्धतीवर १९८० नंतर गंभीर आक्षेप घेतले गेले. अंत्यविधी मृत व्यक्ती नव्हे तर जिवंत नातलग करतात आणि ते समाजातील विषमता फुगवूनही दाखवू शकतात किंवा झाकूनही टाकू शकतात, असे इयन हॉडर आणि माइक पार्कर पीअरसन यांचे म्हणणे आहे. नवी सत्ता आपला हक्क ठसविण्यासाठी अधिक भव्य थडगी बांधू शकते. स्थिर झालेल्या सत्तेला त्याची गरज भासत नाही. शिवाय वस्त्र, अन्न, गाणे आणि शोक यांपैकी दमट भागात काहीच उरत नाही. त्यामुळे कोरड्या किनाऱ्यावरील थडगी श्रीमंत आणि पर्वतातील गरीब, असा दिसणारा फरक हवामानाचाही असू शकतो. म्हणूनच आज कोणतीही एक कसोटी पुरेशी मानली जात नाही. वस्तू, जागा आणि हाडे या तिन्हींची साक्ष जुळली तरच निष्कर्ष काढला जातो.

लूट आणि संरक्षण

सर्वांत मोठी अडचण लुटीची आहे. स्पॅनिश वसाहतकाळात थडगी खाणींसारखी खणण्यासाठी परवाने घेतले जात आणि मिळालेल्या सोन्याचा पाचवा हिस्सा राजाला द्यावा लागे. चान चानमधील राजांची थडगी अशीच रिकामी झाली. सतराव्या शतकात मूर्तिपूजेच्या निर्मूलनासाठी चर्चने पूर्वजांचे असंख्य देह जाळले. आजच्या काळात थडगी खणून विकणाऱ्यांना पेरूत ‘हुआकेरो’ म्हणतात. त्यांच्यापैकी अनेक जण गरीब शेतकरी असतात. खरा नफा मात्र दूरच्या बाजारपेठांत होतो. लुटलेली वस्तू पुढे संग्रहालयात आली तरी ती कोणाच्या अंगावर, कोणत्या हाताला आणि कोणाच्या शेजारी होती, ही माहिती कायमची नष्ट झालेली असते. सामाजिक स्थानाचा सारा अभ्यास नेमका याच माहितीवर आधारलेला आहे.

सिपानमधील लुटीनंतर अमेरिकेने १९९० मध्ये तेथील वस्तूंच्या आयातीवर निर्बंध घातले. सिपानच्या राजसमाधींचे संग्रहालय २००२ मध्ये लाम्बायेके येथे उघडण्यात आले. माचू पिच्चूहून येल विद्यापीठात नेलेले अवशेष आणि वस्तू २०११-१२ मध्ये पेरूला परत मिळाल्या. युयाइयाकोची बालके अर्जेंटिनातील साल्ता येथील संग्रहालयात विशेष थंड पेट्यांत ठेवली आहेत. त्यांना प्रदर्शनात ठेवण्यास काही देशी समाजांचा विरोध आहे. कारण त्यांच्या दृष्टीने ते अभ्यासाचे नमुने नसून पूर्वज आहेत. थडग्यांवरून प्राचीन माणसांचा दर्जा ठरविणाऱ्या अभ्यासकांपुढे आज त्या माणसांना आपण कोणता दर्जा देतो, हा प्रश्नही उभा आहे.